आरशात काही नव्हतं, तरी डाव्या दाराशी स्कूटर कुठून आली? गोव्यातल्या रस्त्यांसाठी गाडीचे आरसे कसे लावावेत

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. "आरशात बघितलं, काही नव्हतं, इंडिकेटर दिला, वळायला लागलो आणि डाव्या दाराशी स्कूटर." सांगणारा खोटं बोलत नसतो. आरशात खरोखरच काही नव्हतं. आरसा त्याच्याच गाडीचं मागचं दार, दाराची मूठ आणि बरंचसं आकाश दाखवत होता. स्कूटर ज्या पट्ट्यात होती तो पट्टा गाडीच्या तिन्ही आरशांपैकी एकातही येत नव्हता.

दुसरी तक्रार हिच्या मागोमाग येते: "नीट लावले होते हो, चार दिवसांत परत तेच." या दोन्हींचा इलाज वेगवेगळा आहे. आधी पहिली घेऊ, कारण तिच्यात माणूस जखमी होतो.

आधी तपासून बघा

गाडी सपाट जागेवर लावा. अंगण असेल तर उत्तम, नाहीतर सकाळी रिकामं असलेलं कुठलंही पार्किंग चालेल. पणजीत आल्तिनोच्या उतारावर किंवा घराच्या चढणीवर हे करू नका. मागची जमीन वर-खाली असली की क्षितिज चुकीच्या जागी दिसतं आणि आरसाही चुकीच्या कोनात बसतो. इंजिन बंद करा, नेहमी बसता तसेच बसा, पट्टा लावा.

आता घरातल्या कुणाला तरी गाडीच्या मागे पंधरा-वीस पावलांवर उभं करा. डाव्या बाजूने, गाडीपासून हातभर अंतर राखून, सावकाश पुढे चालत यायला सांगा. तुम्ही मान वळवायची नाही, फक्त डोळे फिरवायचे. तो माणूस मधल्या आरशातून नाहीसा होण्याआधी डाव्या आरशात यायला हवा, आणि डाव्या आरशातून निघून जाण्याआधी खिडकीतून डोळ्याच्या कोपऱ्यात दिसायला हवा. जिथे तो कुठेच दिसत नाही तिथे "थांब" म्हणा आणि त्याला जमिनीवर खडूने रेघ ओढायला सांगा. पुन्हा दिसला की दुसरी रेघ. मग हेच तीन-चार पावलं दूर राहून, म्हणजे शेजारच्या लेनमधून येणाऱ्या गाडीच्या जागेवरून करा. शेवटी उजव्या बाजूने.

खाली उतरून त्या दोन रेघांमधली जागा डोळ्यांनी बघा. तिथे एक स्कूटर आरामात मावत असेल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. हे करून बघायला मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, कारण "ब्लाइंड स्पॉट" हा शब्द सगळ्यांना माहीत असतो, पण आपल्या गाडीचा तो केवढा आहे हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

वेगाचंही गणित मनात असू द्या. तुम्ही ताशी ४० किलोमीटरने जात आहात आणि स्कूटर ६० ने, तर तुमच्या तुलनेत ती सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकते. चार मीटर लांबीची गाडी ती एका सेकंदाच्या आत पार करते. म्हणजे वेगाने येणारी स्कूटर त्या कोपऱ्यात क्षणभरच असते. खरा धोका तुमच्याच वेगाने चालणाऱ्या स्कूटरचा. पर्वरीला रांगेत गाड्या रखडत चाललेल्या असतात तेव्हा ती त्या दोन रेघांमध्येच कितीतरी वेळ राहते, आणि तुम्ही आरशात दहा वेळा बघितलं तरी दहाही वेळा रस्ता मोकळाच दिसतो.

लावायचा क्रम

सीट आधी, आरसे नंतर. हा क्रम उलटला की पुढचं सगळं वाया जातं. पाठ पूर्ण टेकलेली असताना हात सरळ पुढे केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावं. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा. सीटची उंची बदलता येत असेल तर तीही आत्ताच ठरवा. डोळ्यांची जागा दोन बोटं वर-खाली झाली तरी आरशातलं चित्र बदलतं. चष्मा लावून गाडी चालवत असाल तर तो लावूनच हे करा.

मधला आरसा: काठांना धरून फिरवा, काचेवर बोटं उमटवू नका. मागची काच पूर्ण दिसली पाहिजे, आणि ती डोकं न हलवता दिसली पाहिजे. खालची छोटी पट्टी (रात्री मागच्या दिव्यांची चमक कमी करणारी) दिवसाच्या स्थितीत आहे ना, ते बघून मगच लावा. हा आरसा सपाट असतो, म्हणून अंतराचा खरा अंदाज त्यातूनच येतो. बाजूचे आरसे आपल्याकडे बहुतेक गाड्यांत बाहेरून फुगीर असतात. त्यांत जास्त रुंद रस्ता दिसतो, पण गाडी लहान आणि म्हणून दूर वाटते. बाजूच्या आरशात लांब वाटलेली बस मधल्या आरशात एकदा बघा, फरक लगेच कळेल.

आता बाजूचे आरसे. आपल्यापैकी बहुतेकांना शिकवलेलं असतं की आरशाच्या आतल्या भागात आपली गाडी थोडी दिसली पाहिजे. ते "थोडी" हळूहळू पाव आरशापर्यंत जातं. स्वतःची गाडी बघत बसण्यात काही लाभ नाही, ती कुठे जाणार आहे? १९९५ साली जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्याने सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्ससाठी लिहिलेल्या निबंधात आरशांची भूमिती मांडून यावर उपाय सुचवला. तिथली गाडी डावीकडे बसून चालवायची, म्हणून आपल्याकडे बाजू उलट्या घ्यायच्या.

डोकं उजव्या खिडकीच्या काचेला टेकवा. त्या अवस्थेत उजवा आरसा बाहेरच्या बाजूला फिरवत न्या, आणि आपल्या गाडीची मागची कड आरशाच्या आतल्या काठावर जेमतेम दिसेल तिथे थांबा. मग डोकं डावीकडे, दोन्ही सीटांच्या मधोमध न्या आणि डावा आरसा तसाच लावा. सरळ बसलात की दोन्ही आरशांत तुमची गाडी अजिबात दिसणार नाही. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, गाडी हरवल्यासारखं वाटतं, आणि पहिल्या दिवशी बरेच जण आरसे परत आत ओढतात. थोडे दिवस धीर धरा. उभ्या दिशेने क्षितिज आरशाच्या मध्याशी आलं की पुरे.

या पद्धतीचा एक फायदा रात्री कळतो. मागच्या गाडीचे दिवे बाजूच्या आरशांतून थेट डोळ्यांत येत नाहीत.

पण डावीकडे मी ही पद्धत जशीच्या तशी घेत नाही

प्लॅट्झरची मांडणी लेन पाळणाऱ्या वाहतुकीसाठी आहे. शेजारच्या लेनमध्ये गाडी असणार, ती गाडीच्या आकाराची असणार आणि तुमच्यापासून मीटर-दीड मीटर तरी लांब असणार, असं त्यात गृहीत आहे. झुआरीच्या नव्या पुलावर, जिथे एका दिशेला चार लेन आहेत, तिथे ती अगदी चपखल बसते. पणजीच्या अटल सेतूवरही बसते, कारण त्यावर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे. पण सेतू संपून तुम्ही खालच्या वाहतुकीत मिसळता तेव्हा चित्र एका क्षणात बदलतं. भाड्याची स्कूटर घेऊन फिरणारे पर्यटक, पिवळ्या मडगार्डचे पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले), कामावर निघालेली मंडळी, सगळे डावीकडच्या फटीतून पुढे सरकतात. फोंड्याहून पणजीला येताना भोमा गावात दोन्ही बाजूंची घरं रस्त्याला येऊन टेकतात. तिथे डावीकडून येणारी स्कूटर तुमच्या दारापासून वीतभर अंतरावर असते.

एवढ्या जवळून येणारी स्कूटर पूर्ण बाहेर वळवलेल्या डाव्या आरशात उशिरा येते. मधल्या आरशातून ती गाडीच्या मागच्या काचेशेजारच्या खांबाआड गेलेली असते, आणि बाजूचा आरसा तर पलीकडची लेन बघत असतो. अंगणातली खडूची चाचणी हातभर अंतरावरून आणि लांबून अशी दोनदा करायला सांगितली ती याचसाठी.

म्हणून गोव्यात रोज गावातून, बाजारातून गाडी नेणाऱ्यांना माझं सांगणं असं: उजवा आरसा प्लॅट्झर सांगतो तसा पूर्ण बाहेर. ओव्हरटेक करणारे तिकडून येतात, आणि तो आरसा डोळ्यांच्या जवळ असल्याने त्यात भरपूर दिसतं. डावा आरसा मात्र तेवढा बाहेर न नेता, सरळ बसल्यावर मागच्या दाराची एक बारीक चीर, बोटाच्या जाडीएवढी, आतल्या काठावर दिसेल असा ठेवा. त्या चिरेला चिकटून येणारी स्कूटर दिसते आणि ती गाडीपासून किती लांब आहे याचा अंदाजही येतो. उरलेल्या कोपऱ्यासाठी चिकटवायचा छोटा गोल फुगीर आरसा घ्या. ॲक्सेसरीजच्या कुठल्याही दुकानात मिळतो. तो डाव्या आरशाच्या वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात लावा. खालच्या आतल्या कोपऱ्यात लावलात तर तुमचीच दाराची मूठ आणखी लहान होऊन दिसेल, बाकी काही नाही. त्यातून अंतर मोजायचं नाही. तिथे कुणी आहे की नाही, एवढंच बघायचं.

आणि वळताना डाव्या खांद्यावरून एक झटपट नजर टाकायचीच. आरसे कितीही चांगले लावले तरी तिला पर्याय नाही, विशेषतः डावीकडे गल्लीत शिरताना.

चवथीच्या आधी एक वेगळी अडचण येते. बाजारातून माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान, केळीचे घड, सुपारीचे घोस, वर फटाके आणि पाहुणे, मागची काच पूर्ण झाकली जाते. मधला आरसा गेला की बाहेर वळवलेल्या बाजूच्या आरशांमधून थेट मागचा रस्ता दिसत नाही. त्या दिवसापुरते दोन्ही बाजूचे आरसे थोडे आत घ्या. मागे वजन जास्त असेल तर गाडीचं नाक वर उचललं जातं आणि आरसे जमिनीकडे बघू लागतात, म्हणून किंचित वरही करा. सामान उतरलं की पूर्ववत.

आरसे परत परत का हलतात

सगळ्यात साधं कारण: गाडी एक, चालवणारे तिघे. दादाची उंची वेगळी, वहिनीची वेगळी, बाबा सीट मागे घेऊन बसतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येकाने बसल्यावर वरच्या क्रमाने आरसे लावायचे. आपल्याला लागणाऱ्या सीटची खाच मोजून लक्षात ठेवली, समजा पुढून पाचवी, तर आरसे लावायला अर्धा मिनिटही लागत नाही. पाठीला किंवा खाली उशी घेऊन बसत असाल तर ती रोज तीच असू द्या.

दुसरं कारण रात्रीचं आहे. मागून ट्रकचे दिवे डोळ्यांत आले की माणूस उजवा आरसा खाली ढकलतो आणि मधला आरसा तिरका करतो. सकाळी निघताना घाई असते, आणि तो आरसा रस्त्याऐवजी मागचं चाक दाखवत राहतो. मधल्या आरशाला हात लावू नका, खालची पट्टी वापरा. त्या आरशाची काच पाचरीसारखी, एका बाजूला जाड असते. दिवसा मागच्या चकचकीत थरावरून प्रतिबिंब येतं. पट्टी ओढली की तो थर छताकडे वळतो आणि डोळ्यांपर्यंत फक्त काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परतणारा साधारण ४ टक्के उजेड येतो. दिवे दिसतात, पण दिपत नाही. ज्या गाड्यांत आरसा आपोआप काळवंडतो त्यांत ही पट्टी नसते.

तिसरं कारण पार्किंग. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा फेरीबोटीत गाड्या दाटीवाटीने लागतात. शेजारून जाणाऱ्याचा धक्का लागतो, कुणीतरी आरसा दुमडतो, तो परत उघडताना कोन बदलतो. बटणाने दुमडणारे आरसे कुणी हाताने ढकलले तर ते आतल्या खाचेतून सरकतात. मग उघडलेले दिसले तरी ढिले राहतात किंवा आत कटकट आवाज येतो. बटणानेच एकदा पूर्ण दुमडून पूर्ण उघडा, बहुतेक वेळा तेवढ्याने आरसा जागेवर बसतो. विजेवर फिरणारे आरसे असतील तर कोन ठरवल्यावर निवडीचं बटण डावी-उजवी सोडून मधल्या स्थितीत आणा, नाहीतर चुकून हात लागला तरी आरसा फिरतो. काही गाड्यांत रिव्हर्स टाकल्यावर डावा आरसा आपोआप खाली झुकतो, हेही माहीत असू द्या. तो बिघाड नव्हे.

हे सगळं नसूनही आरशातलं चित्र वेगात थरथरत असेल, तर काच धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीची क्लिप तुटलेली असते. काचेच्या चारही कोपऱ्यांवर हलकेच बोट ठेवून बघा. एक कोपरा डुलला तर निदान झालं. बऱ्याच गाड्यांना संपूर्ण आरसा बदलावा लागत नाही. पट्टीसकट फक्त काच मिळते आणि दाबून बसते. मधला आरसा आपोआप खाली उतरत असेल तर त्याच्या गोळ्याचा सांधा सैल झाला आहे. काहींत स्क्रू असतो, तो घट्ट होतो. ज्यात नसतो तिथे आरसाच बदलणं बरं.

एका गोष्टीपासून मात्र नक्की सावध राहा. काच फुटल्यावर पैसे वाचवायला काचवाल्याकडून साधी सपाट काच कापून चिकटवून घेतात. आरसा नवा आणि स्वच्छ दिसतो, पण दिसणारा रस्ता एकदम अरुंद होतो. डाव्या बाजूला असं केलं तर न दिसणारा पट्टा दुपटीहून मोठा झाल्यासारखा वाटेल. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे जरूर तपासा: दोन पावलांवर उभं राहून आरशात स्वतःचा चेहरा बघा. फुगीर आरशात तो लहान दिसतो. घरच्या आरशासारखा नेहमीएवढाच दिसला तर ती काच सपाट आहे.

मधल्या आरशाला टांगलेले हार, माळा, देवाच्या मूर्ती याबद्दलही बोललं पाहिजे. श्रद्धा डॅशबोर्डवरही ठेवता येते. आरशाला टांगलेली वस्तू डोळ्यांसमोर सतत हलते, पुढच्या वळणावरचा माणूस झाकते आणि तिच्या वजनाने आरसा हळूहळू खाली येतो.

पावसात आणि समुद्राकाठी

जून ते सप्टेंबर या काळात आरसे बरोबर लावलेले असूनही दिसत नाही, कारण थेंब तीन ठिकाणी असतात: आरशावर, खिडकीच्या काचेवर बाहेरून आणि त्याच काचेवर आतून वाफ म्हणून. आतली वाफ घालवायला एसी लावा आणि कडेच्या झडपा खिडकीच्या पुढच्या कोपऱ्याकडे, म्हणजे जिथून आरसा दिसतो त्या भागाकडे वळवा. बाहेरून पाणी घसरवणारा द्रव पुसून घेतला तर थेंब टिकत नाहीत. आरसा आणि खिडकीची काच दोन्हींना लावा, एकालाच लावून भागत नाही. मागची काच तापवण्याचं बटण दाबल्यावर काही गाड्यांत बाजूचे आरसेही तापतात, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. उसगाव, धारबांदोडा भागात टिपरच्या मागून जाताना लाल चिखल उडून आरसा माखतो. तो सुक्या फडक्याने घासू नका, मातीतल्या कणांनी काचेवर चरे पडतात आणि रात्री प्रत्येक चऱ्यावर दिवा चमकतो. आधी पाणी, मग फडकं.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांत आरशाच्या काठाने काळे डाग पडत जातात. खारट दमट हवा मागच्या थरात शिरून तो खाते. पुसून ते जात नाहीत. डाग आतल्या काठावर असेल तर थोडे दिवस चालेल, बाहेरच्या काठावर असेल तर काच बदला. स्कूटर तिथेच पहिल्यांदा दिसते.

दार उघडताना

गाडी थांबली तरी आरशांचं काम संपत नाही. पणजीच्या १८ जून रस्त्यावर गाडी लावून उजवं दार उघडता तेव्हा मागून दुचाकी येतच असतात, आणि उघडणाऱ्या दारावर आदळलेला स्वार थेट वाहत्या रस्त्यात पडतो. आधी उजवा आरसा बघा, मग दार डाव्या हाताने उघडा. डावा हात उजव्या दाराशी नेताना खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. मागच्या सीटवर उजवीकडे बसणाऱ्या मुलांनाही हेच शिकवा. त्यांच्यासमोर आरसा नसतो, म्हणून त्यांनी तुम्ही "हो" म्हटल्यावरच दाराला हात लावायचा.